मदत हवी आहे: फ्लश केला की शॉवरचं पाणी एकदम तापतं. थर्मोस्टॅटिक मिक्सर (गरम-गार मिसळून ठरवलेल्या तापमानाचंच पाणी देणारा) बसवावा का?

गवाक्ष

नमस्कार. मुलुंड पूर्व, सात मजली इमारत, आमचा चौथा मजला. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. बाथरूममध्ये २५ लिटरचा साठवणीचा गिझर आहे. भिंतीतला सिंगल लिव्हर डायव्हर्टर आहे, म्हणजे एकाच दांड्याने गरम-गार मिसळणारा मिक्सर, वर शॉवर आणि खाली बादलीसाठी स्पाउट. कमोडला टाकी नाही, भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह आहे आणि नूतनीकरणाच्या वेळी तो बाथरूमच्याच लाइनवर घेतला आहे.

कुणी फ्लश दाबला की दोन-तीन सेकंदांत शॉवरचं पाणी चटका बसेल इतकं गरम होतं. सासरे ७८ वर्षांचे आहेत आणि मधुमेहामुळे त्यांच्या पावलांना गरम-गार नीट कळत नाही. मुलगी तीन वर्षांची आहे. प्लंबर म्हणतो, गिझरचा नॉब कमी करा, बाकी काही लागत नाही. हे पुरेसं आहे का? थर्मोस्टॅटिक मिक्सर लावायचाच झाला तर टाइल्स फोडाव्या लागतील का?

नळजोडणी

आधी एक गोष्ट तपासा: फ्लशचा फाटा नेमका कुठून निघतो? टाकीतून येणारी लाइन बाथरूममध्ये शिरल्यावर एका ‘टी’पाशी (तीन तोंडांच्या जोडापाशी) दोन वाटा होतात, एक गिझरला जाते आणि दुसरी थेट मिक्सरला. फ्लश या टीच्या आधी घेतला असेल तर गार आणि गरम दोन्हींचा दाब बरोबरीने पडतो. पाण्याची धार बारीक होते, पण तापमान फारसं हलत नाही. फ्लश टीच्या नंतर, मिक्सरला जाणाऱ्या गार फाट्यावर असेल तर फक्त गार पाणी पळवलं जातं आणि गरम तसंच येत राहतं. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार दिसतो.

फ्लश व्हॉल्व्ह एका दमात सेकंदाला लिटरभर पाणी ओढतो. शॉवरला मिनिटाला आठ-दहा लिटर लागतं. अर्ध्या इंचाच्या एका पाइपवर हे दोन्ही एकत्र असले की शॉवरच्या वाट्याला काय उरणार?

आकडे घालून बघा. गिझरमध्ये पाणी ६५ अंश, टाकीतलं २५. एक भाग गरम आणि दोन भाग गार मिसळलं की साधारण ३८ अंश, म्हणजे छान आंघोळीचं पाणी. गार निम्म्यावर आलं की ४५. गार पाव राहिलं की ५२ च्या आसपास. लिव्हरला कुणी हातही लावलेला नसतो.

पहिलं काम म्हणजे फ्लशला वेगळी लाइन देणं. इमारतीला फ्लशिंगची वेगळी लाइन असेल, आणि मुंबईतल्या बऱ्याच इमारतींना ती असते, तर त्यावर परत जोडून घ्या. नसेल तर फाटा टीच्या आधी न्या किंवा फ्लश व्हॉल्व्ह काढून सिस्टर्न, म्हणजे फ्लशची टाकी बसवा. सिस्टर्न सावकाश भरतो, त्यामुळे झटका बसत नाही.

तापमापी

नळजोडणी यांच्याशी सहमत. पण एवढ्यावर थांबू नका. उद्या वॉशिंग मशीन सुरू होईल, गार फाट्यात कचरा अडकेल, परिणाम तोच होईल.

प्लंबरच्या सल्ल्याबद्दल. निरोगी मोठ्या माणसाची त्वचा खोलवर भाजायला ६० अंशांना साधारण ५ सेकंद लागतात, ५४-५५ ला अर्धा मिनिट, ५२ ला दीड-दोन मिनिटं आणि ४९ ला पाच मिनिटांहून जास्त. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ असते, त्यांच्याबाबतीत हे आकडे बरेच खाली येतात. सासऱ्यांच्या पायांना कळतच नसेल तर ते पाय मागे घेणार नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत ४९ सुद्धा निर्धोक धरू नका.

त्यामुळे नॉब खाली आणण्यात अर्थ आहे, पण ते संरक्षण नव्हे. एक तर बऱ्याच गिझरांच्या नॉबवर अंश लिहिलेले नसतात. दुसरं, गिझरचा थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी तापतच जातं. त्यानंतरचा कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा) उकळी फुटू नये म्हणून असतो, त्वचेला सोसेल एवढ्यावर तो थांबवत नाही. आणि तिसरं, साठवलेलं कोमट पाणी, साधारण २० ते ४५ अंश, फुप्फुसांना संसर्ग करणाऱ्या लिजिओनेला जंतूंना मानवतं. म्हणून गिझरमध्ये ६० अंश ठेवायचं आणि नळाला येण्याआधी त्यात गार मिसळून उतरवायचं, हीच योग्य पद्धत.

काही सिंगल लिव्हर मिक्सरांमध्ये लिव्हर गरमकडे किती वळेल हे ठरवणारी प्लास्टिकची रिंग असते. ती लावून घ्या, मुलीने लिव्हर पूर्ण फिरवला तर उपयोगी पडेल. मात्र गारचा दाब पडला की ती काहीच करू शकत नाही.

गवाक्ष

धन्यवाद. आज पाहिलं, फाटा टीच्या नंतरच आहे. सिस्टर्नचं काम करून घेते. पण टाइल्स फोडायच्या नसतील तर मिक्सरचं काय?

नळजोडणी

भिंतीतला डायव्हर्टर काढून तिथे थर्मोस्टॅटिक बसवायचा तर टाइल्स फोडाव्याच लागतात, कारण आतली बॉडी वेगळी असते. तुमच्यासाठी दुसरा मार्ग चांगला आहे: गिझरच्या आउटलेटवरच थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, थोडक्यात टीएमव्ही. पितळी, अर्ध्या इंचाचा, तीन तोंडांचा: गरम, गार, मिश्र. आत मेणाचा एक घटक असतो. मिश्र पाणी तापलं की मेण फुगतं आणि गरम तोंड बंद करत जातं. हे काम हाताच्या नॉबवर नाही, पाण्याच्या प्रत्यक्ष तापमानावर चालतं. सगळं गिझरखाली उघडं राहतं, भिंतीला हात लावावा लागत नाही. शॉवर, बादलीचा स्पाउट, बेसिन, गरम लाइनवरचे सगळे नळ एकदमच सुरक्षित होतात.

घेताना दाब-संतुलनाचा व्हॉल्व्ह नको, थर्मोस्टॅटिकच मागा. दाब-संतुलनाचा व्हॉल्व्ह दोन्हींचा दाब बरोबर ठेवतो, पण गिझरच ८० अंशांना गेला तर त्याला ते कळत नाही. खोक्यावर ईएन ११११ किंवा एएसएसई १०१७ असं मानक लिहिलेलं असावं.

जोडणीचा क्रम असा. गिझरच्या इनलेटला येणाऱ्या गार लाइनवर, गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या (जास्तीचा दाब सोडणाऱ्या) आधी, टी टाकायची आणि तिथून टीएमव्हीच्या गार तोंडाला घ्यायचं. असं केलं की दोन्ही तोंडांना दाब सारखा मिळतो. गिझर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बंद करायचा कॉक कधीही टाकू नका, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची गळती नळी मोकळी ठेवा. टीएमव्हीच्या दोन्ही तोंडांशी नॉन-रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह आणि बारीक जाळी हवी. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये ती आतच असते. नॉन-रिटर्न नसेल तर हँडशॉवर मुठीपाशी बंद केल्यावर गरम पाणी गार लाइनमध्ये शिरतं. गरम आणि गार तोंडं उलटी लागली तर व्हॉल्व्ह अजिबात चालत नाही, आणि ही चूक सर्रास होते.

बसवण्याआधी दोन्ही लाइन बादलीभर पाणी सोडून धुवून काढा. टेफ्लॉनचे तुकडे, सीपीव्हीसीच्या (प्लास्टिक पाइपच्या) कापणीचा भुसा, टाकी धुतल्यावर येणारा गाळ, पहिल्याच आठवड्यात जाळी तुंबते ती यानेच.

सातवा_मजला

आमचा शेवटचा मजला आहे, टाकी डोक्यावरच. शिवाय पाइप गॅसचा गिझर. हे आम्हाला चालेल?

नळजोडणी

दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. १० मीटर उंचीच्या पाण्याने १ बार (बार हे दाबाचं एकक) दाब मिळतो. गवाक्ष यांच्या शॉवरला साधारण १२ मीटर मिळत असणार. तुमच्याकडे टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. बऱ्याच थर्मोस्टॅटिक मिक्सरांना निदान ०.५ बार लागतो, नीट चालायला १. तेव्हा कमी दाबाचा टीएमव्ही शोधा, ०.२ बारपर्यंत चालणारे मिळतात. नाहीतर टाकीतून येणाऱ्या लाइनवर प्रेशर पंप बसवा, पण गरम-गारच्या टीच्या आधी. फक्त गरम लाइनवर पंप लावला तर जी भीती आहे तीच घडेल. महापालिकेच्या लाइनवर थेट पंप लावू नका, ते बेकायदा आहे.

गॅस गिझरचं वेगळंच. टीएमव्हीने गरम तोंड आवळलं की गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, ठरावीक प्रवाहाखाली गेलं की ज्योत विझते. मग गार येतं, तोंड उघडतं, ज्योत पेटते, पाणी पुन्हा तापतं. असं हेलकावे खात राहतं. तिथे गिझरलाच डिजिटल तापमान नियंत्रण असलेलं मॉडेल घ्या आणि ते ४२ वर ठेवा. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर आधी तो बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सोलरचं गरम पाणी असलेल्यांनीही लक्ष द्यावं. उन्हाळ्यात ते ७०-८० अंशांवर जातं आणि त्याला थर्मोस्टॅट नसतो. तिथे टीएमव्ही लावायलाच हवा.

कोरांटी

बादलीबद्दल कुणी लिहिलं नाही. आपल्याकडे आंघोळ बादलीनेच जास्त होते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडू द्या. गरम आधी भरून ठेवलं आणि मूल त्यात पडलं तर पोट, मांड्या, हात सगळंच भाजतं. मूल उभं करण्याआधी कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने पाणी बघा, तळहाताला कमी कळतं. सासऱ्यांनी पायाने पाणी पाहू नये.

भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको; टूथपेस्ट, हळद, शाई काहीच नको. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढा, स्वच्छ कापड सैल टाका आणि डॉक्टरांकडे न्या. मूल असेल, किंवा चेहरा, हात, गुप्तांग भाजलं असेल तर थेट भाजलेल्यांच्या विभागात. तुमच्या बाजूने ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ पडेल. रुग्णवाहिका १०८.

गवाक्ष

फार उपयोगी. बसवून झाल्यावर नीट बसलाय हे कसं तपासू?

तापमापी

स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल प्रोब थर्मामीटर घ्या. तापाचा नको, तो ४२-४३ च्या वर दाखवत नाही. गिझर पूर्ण तापू द्या. गरम लाइनवरचा सगळ्यात लांबचा नळ पूर्ण गरमकडे दोन मिनिटं सोडा आणि धारेत प्रोब धरा. टीएमव्हीच्या टोपीखालचा स्क्रू ॲलन कीने (षटकोनी चावीने) फिरवत ४२-४३ वर आणा, टोपी लावून कुलूपबंद करा. गिझर निदान ५५ ते ६० वर असू द्या. गरम पाणी ठरवलेल्या तापमानापेक्षा १०-१५ अंशांनी जास्त नसेल तर व्हॉल्व्हला नीट मिसळता येत नाही.

मग खरी परीक्षा. पाणी चालू असताना टीएमव्हीचा गार अँगल कॉक (गार तोंडाआधीचा बंद करायचा कॉक) बंद करा, हात धारेखाली नको. काही सेकंदांत धार जवळजवळ थांबली पाहिजे. गरम पाणी तसंच येत राहिलं तर व्हॉल्व्ह बाद किंवा जोडणी उलटी; प्लंबरला पैसे देण्याआधी हे त्याच्यासमोरच करा. मग कॉक उघडा, तापमान पुन्हा ४२-४३ वरच आलं पाहिजे.

हीच चाचणी वर्षातून एकदा करा. इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर सहा महिन्यांनी, कारण क्षारांनी आतला भाग जाम होतो. तेव्हा कार्ट्रिज (व्हॉल्व्हच्या आतला सुटा होणारा भाग) काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, जाळ्या ब्रशने घासा, रबरी रिंगांना फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने त्या फुगतात.