मदत हवी: परड्यातल्या कोंबड्यांच्या जाळीखालून माती उकरून जनावर आत शिरतंय

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला राहतो. घरामागं परड्यात 11 गावठी कोंबड्या होत्या, आता 7 राहिल्यात. 14 बाय 10 फुटांचं कुंपण आहे, निलगिरीचे खांब आणि साधी षटकोनी कोंबडीजाळी. वरूनही जाळी आहे. बाकीच्या कोंबड्या रात्री खुराड्यात असतात, पण खुडूक कोंबडी कुंपणातच कोपऱ्यात डालग्यात बसवली होती.

परवा तीच गेली. अंड्यांवर 18वा दिवस होता, आणखी 3 दिवसांत पिल्लं निघाली असती. सासूबाई सकाळी कण्या घालायला गेल्या तर डालगं कलंडलेलं, 3 अंडी गार पडलेली आणि जाळीच्या खालच्या तारेला तांबडी पिसं अडकलेली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

भोक चांगलं वीतभर रुंद आहे, माती बाहेर फेकलेली. मुंगूस दिवसा फिरतं, हे रात्री झालंय. घुशीला एवढी मोठी कोंबडी ओढून नेता येणार नाही. मला कोल्ह्याचा नाहीतर भटक्या कुत्र्यांचा संशय येतो. कडेनं दगड लावून बघितले, तर शेजारून उकरलं. जाळी पुरायची म्हटलं तर वीतभर मातीखाली जांभा लागतो, कुदळ चालत नाही. विष घाला म्हणून सांगणारे आहेत, ते मी करणार नाही. गावातली कुत्री-मांजरं मरतील, आणि कोल्हा असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हाच आहे. जाळी न पुरता काही करता येतं का?

प्रतिसाद
ताई, पुरूच नका, बाहेर पसरा. दोन फूट रुंदीची अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्या आणि कुंपणाच्या पायापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट अंथरा. आतली कड कुंपणाच्या जाळीला तारेनं दर वीतभर अंतरावर घट्ट बांधा. उकरणारं जनावर अगदी कुंपणाच्या बुडाशी उकरतं. तिथं नखं जाळीवर अडतात, दोन फूट मागं सरकून बोगदा काढायचं त्याला सुचत नाही. बाहेरच्या कडेवर जांभ्याचे चिरे ठेवा. पावसात गवत जाळीतून वर येईल, ते उपटू नका, त्यानंच जाळी जमिनीला धरून राहते. तुमचा घेर 48 फूट होतो, कोपऱ्यांत जाळी एकावर एक यायला 8 फूट जास्त आणा. आणि षटकोनी जाळी कुत्रं दातानं फाडतं, तेव्हा खालचे दोन फूट तरी वेल्डेड जाळीच लावा.

धागाकर्ती
दादा, हे जमण्यासारखं आहे. दाराशी काय करू? तिथं अंथरली तर सासूबाईंचा पाय अडकेल.

प्रतिसाद
दारात जाळी नको, रुंद शहाबादी फरशी बसवा. दार आणि फरशीत दोन बोटांपेक्षा जास्त फट ठेवू नका. तोवर खुडूक कोंबडी रात्री घरात घ्या, डालग्यासकट.