आमचे पीटीचे सर रिटायर होतायत, काय द्यावं?

खोखोवाली:
नमस्कार मंडळी. आमच्या हायस्कूलचे पीटीचे सर या महिनाअखेरीला ५८ पूर्ण होऊन रिटायर होतायत. आम्ही जुन्या खो-खो टीमच्या मुली काहीतरी करू म्हणतोय पण शाल-श्रीफळ नको वाटतं. सर सकाळी साडेसहाला स्वतः फक्कीने ग्राउंड आखायचे, खांबाजवळ सूर मारायची भीती वाटायची तर आधी भुसभुशीत मातीत शिकवायचे, आणि माझ्या घरी मुलीला बाहेरगावी पाठवणार नाही म्हटल्यावर तीनदा येऊन बाबांसमोर बसले तेव्हा कुठे मी विभागीयला खेळले. अशा माणसाला काय द्यायचं?

शिट्टीवाले सर:
मी पण बीपीएड, २२ वर्षं हेच करतोय. लोकांना वाटतं शिट्टी वाजवली की झालं. मुलांची नोंदणी, जन्मदाखले, पालकांची संमतीपत्रं, मग तालुका जिल्हा विभाग, त्यात १४, १७, १९ वर्षांखालचे वेगवेगळे गट, आणि पोर्शन राहिला की पहिला आमचाच तास जातो. टीमचे जुने फोटो जमवा आणि मागे नाव, साल, कुठे खेळलो ते लिहा. इतक्या बॅचेस होतात की साल लक्षात राहत नाही, ते लिहिलेलं मिळालं की फार बरं वाटतं हो.

दादरकर:
सचिनचे कोच आचरेकर सर आठवले. शारदाश्रमच्या सचिन-कांबळीची १९८८ ची ६६४ ची पार्टनरशिप सगळ्यांना पाठ आहे, सरांना द्रोणाचार्य १९९० ला, पद्मश्री २०१० ला. पण मला आवडतं ते नेटमधलं रुपयाचं नाणं, स्टंपवर ठेवायचे, सचिनला आउट करेल त्याचं, नाहीतर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवलीत. तुमच्याकडे सरांनी दिलेलं काही असेल ना, तेच घेऊन जा आणि दाखवा त्यांना.

खोखोवाली:
वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्याकडे विभागीयचा नंबरचा कपडा आहे, ७ नंबर, सरांनी स्वतः टाचलेला. ठरलं, फोटो तर करूच, पण त्या दिवशी ग्राउंड आम्ही आखणार आणि एक डाव खेळणार. माप २७ बाय १६ मीटरच ना अजून?

शिट्टीवाले सर:
हो, २७ बाय १६. दोरी ताणून धरा, रेघ वाकडी दिसली तर सर परत आखायला लावतील.