कपाळ दुखणं, काच धुरकटणं, आत माशी शिरणं: हेल्मेटच्या त्रासावर उपाय काय?

सह्यवाट (प्रश्न)
फुल फेस हेल्मेट, साईज एल. डोक्याचा घेर ५८ सेंमी, शिवाय चष्मा. रोजचं जाणं-येणं ४० किमी.
अर्ध्या तासात कपाळाच्या मधोमध ठणका लागतो आणि काढल्यावर तिथे रुपयाएवढा लाल डाग दिसतो. कानशिलांशी मात्र बोट जाईल इतकी फट आहे. पाऊस सुरू झाला की आधी चष्मा धुरकटतो, मग काच. काच वर केली की थेंब डोळ्यांत. आणि चालत्या गाडीवर गांधीलमाशी आत शिरली तर नेमकं काय करायचं?
दुकानदार म्हणतो, "वापरून सैल होईल." खरंच होतं का?

फिटिंग_आधी
नाही होणार. गालाच्या गाद्या काही आठवड्यांत दबतात, म्हणून नव्या हेल्मेटमध्ये गाल चेपले जाणं योग्यच आहे. कपाळासमोर मात्र पातळ कापडी गादी आणि तिच्यामागे लगेच थर्माकोल असतो. तो वापरून नरम पडत नाही.

कपाळ दुखतं आणि कानशिलाशी फट राहते, याचा अर्थ तुमचं डोकं पुढून मागे लांबट आहे आणि हेल्मेटची पोकळी गोल. (उलटं असतं तर कानशिलं ठणकली असती.) अशा वेळी बरेच जण एक साईज मोठी घेतात. कपाळ सुटतं, पण हेल्मेट डोक्यावर डुलायला लागतं आणि आपटताना जागेवर राहत नाही. कृपया तसं करू नका. दुसरं मॉडेल घालून बघा.

साईजच्या अक्षरावर जाऊ नका. एल म्हणजे कुणाकडे ५८० मिमी, कुणाकडे ६००. मागच्या स्टिकरवरचा आकडा वाचा. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. तीनदा मोजून मोठा आकडा धरा.

दुकानात पट्टा लावून पंधरा-वीस मिनिटं तसंच बसा. हेल्मेटचा हनुवटीसमोरचा कडक भाग धरून ते डावी-उजवीकडे वळवा; कपाळाची आणि गालाची कातडी सोबत फिरली पाहिजे. मग मागची खालची कड कुणालातरी पुढे-वर ढकलायला सांगा. हेल्मेट निघालं तर ते तुमचं नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको. शेवटी आरशात बघा: कपाळावर सगळीकडे सारखा फिकट वळ असेल तर ठीक, एकाच जागी लाल ठिपका असेल तर ते घेऊ नका.

सह्यवाट
थर्माकोल चमच्याने दाबून कपाळापाशी थोडा खड्डा करतात असं ऐकलंय. चालेल?

फिटिंग_आधी
अजिबात नको. आपटल्यावर तो थर्माकोल चिरडला जातो आणि धक्का स्वतःवर घेतो. हे काम तो एकदाच करू शकतो. चमच्याने आधीच दाबलेल्या जागी चिरडायला काही उरत नाही, आणि ती जागा नेमकी कपाळासमोरची! मोठा मार लागलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं असतं, तेही याच कारणासाठी.

दुसरं मॉडेल बघण्याआधी एक गोष्ट तपासा. आतली गादी काढता येणारी असेल तर तिच्या पुढच्या कडेला प्लास्टिकची पातळ पट्टी असते. ती कपाळावरच्या खाचेत पूर्ण बसावी लागते. धुऊन परत लावताना ती अर्धवट राहते आणि तिची कड कपाळात रुतते. पट्टी खाचेत मधून बाहेरच्या बाजूंना दाबत जा, टक् आवाज येईपर्यंत. तरीही ठणका राहिला तर आकाराचाच दोष.

चष्मेवाला_स्वार
धुरकटण्याचं सांगतो. पावसात काच बाहेरून गार पडते, श्वासाची दमट उष्ण हवा आतून तिच्यावर आदळते आणि दव धरतं. म्हणून श्वासाला वाट करून द्यायची.

हनुवटीखाली कापडी पडदा असेल तर पावसाळाभर काढून ठेवा, तो श्वास आत कोंडतो. हेल्मेटच्या आत नाकावर येणारी, श्वास काचेकडे जाऊ न देणारी पट्टी लावा. हनुवटीचं भोक आणि मागची भोकं उघडी ठेवा. सिग्नलला काच पहिल्या खाचेवर, गाडी हलली की बंद. तोंडावर मास्क किंवा रुमाल बांधत असाल तर नाकाच्या कडेने हवा सरळ चष्म्यावर जाते. रुमाल नाकाखाली घ्या.

सगळ्यात खात्रीचा उपाय पिनलॉक. काचेच्या आत दुसरा पातळ पडदा बसतो आणि मधली कोंडलेली हवा आतला पडदा गार होऊ देत नाही. त्यासाठी काचेला दोन पिना असलेलं मॉडेल लागतं. पडद्याच्या कडेची सिलिकॉनची वळी सगळीकडून टेकलेली हवी. कुठे सुटली तर पिन फिरवून ताण वाढवा. पडदा कोरड्या कापडाने घासू नका, चरे पडतात.

भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब चोळून पुसला की साध्या काचेवर थोडा वेळ भागतं. पिनलॉकवर ते लावू नका. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे पॉलिकार्बोनेटवर, म्हणजे हेल्मेटच्या काचेच्या प्लास्टिकवर, नकोतच.

काचेच्या वरच्या कडेतून नाकावर थेंब पडत असेल तर कागदाची पट्टी रबरी बीडिंग आणि काच यांच्यात धरून काच बंद करा. पट्टी सहज ओढली गेली तर तिथे फट आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये काचेच्या प्लेटचे स्क्रू किंचित सैल करून, काच बीडिंगवर दाबून परत आवळता येते.

चष्मा हेल्मेटनंतर घाला. काड्या सरळ आणि पातळ हव्यात. कानामागे वळलेल्या काड्या गादीत अडकतात आणि कानावर दुखतं.

घाटमाथा
गांधीलमाशी: हेल्मेटवर चापट्या मारू नका, ती चिडते आणि गाडी डगमगते. डाव्या हाताने काच पूर्ण वर करा, उजवा हात अॅक्सिलरेटरवरच. मूठ न सोडता अॅक्सिलरेटर कमी करा, आरशात बघा, डावा इंडिकेटर, दोन्ही ब्रेक हळू, कडेला थांबा. मग चष्मा, पट्टा, हेल्मेट या क्रमाने काढा. डबल-डी रिंगचा (दोन कड्यांतून ओवलेला) पट्टा लाल फीत ओढली की सुटतो; हातमोजे घालून डोळे मिटून तो सोडायची सवय घरी करून ठेवा.

मधमाशीचा काटा आत राहतो, नखाने लगेच खरवडून काढा. गांधीलमाशीचा सहसा राहत नाही. गार पाणी लावा. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा.

पार्किंगमध्ये हेल्मेट उताणं ठेवलं की आत मुंग्या, कोळी, कधी गोमही शिरते. घालण्याआधी पालथं करून दोन टपल्या मारा आणि कानाच्या खोबणीत बघा. आरशावर अडकवू नका, आरशाचं टोक थर्माकोलमध्ये रुततं.

ओढणी_स्कार्फ
स्कार्फ बांधणाऱ्यांसाठी: पातळ सुती घ्या, गाठ मानेखाली. गाठ हनुवटीखाली आली की पट्टा तिच्यावर बसतो आणि ती सरकली की सैल पडतो. क्लचर किंवा उंच अंबाडा आत नको, वेणी खाली घाला. ओल्या केसांवर हेल्मेट घातलं की खाज आणि वास दोन्ही.

गाद्या कोमट पाण्यात साध्या शाम्पूने धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा. गादी न निघणारी असेल तर ओल्या फडक्यावर शाम्पूचा फेस घेऊन पुसा. पेट्रोल किंवा थिनर चुकूनही नको, त्याने थर्माकोल विरघळतो.