हरित इमारतीच्या किमान अटींत पूररेषा हवी की नको?

रंकाळाकाठ: आयजीबीसीच्या (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या) घरांसाठीच्या हरित मानांकनात काही अटी सक्तीच्या आहेत: स्थानिक बांधकाम नियम, पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं, पाणी वाचवणारे नळ-फ्लश, कचरा वेगळा करायची सोय. एक जरी चुकली तरी बाकीचे गुण वाया. माझं म्हणणं, कोल्हापुरात यात पूररेषेची, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषेची, अटही हवी. 2019 आणि 2021 चा पूर आपण बघितलाय. पूर ओसरला की वायरिंग, लिफ्टची मोटर, दारं-कपाटं सगळं उचलून टाकायचं आणि नवं आणायचं. अशा जागेवरच्या इमारतीला हरित कसं म्हणायचं?

ओळंबा: दादा, पहिली अटच स्थानिक नियमांची आहे. नदीजवळची पूररेषा निळी, त्याबाहेरची मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी नाही. निळ्या-लालच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. तेच दोनदा तपासून काय मिळणार? फाईल तेवढी जाड होईल.

रंकाळाकाठ: जोतं वर गेलं, रस्ता कुठं वर गेला? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. घर कोरडं राहिलं तरी म्हातारी माणसं बोटीनंच काढावी लागली.

शाहूपुरीची सून: आधी आहेत त्या अटी तरी नीट तपासा. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत शोषखड्ड्याची जाळी उचलली, तर आत विटांचे तुकडे आणि घट्ट झालेला सिमेंटचा गाळ. कागदावर मात्र पाणी जिरतंय. आणि छोट्या घरांचं काय? ग्रिहा हे दुसरं हरित मानांकन, त्याचा मुख्य प्रकार 2,500 चौरस मीटरच्या वरच्या इमारतींना. त्याखाली ‘स्वगृह’ आहे, पण पेठेतल्या घरमालकाला ते सांगतंय कोण?

रंकाळाकाठ: ताई, तपासणीचं शंभर टक्के पटलं. पण माझा मुद्दा एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याचा आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मानांकन बघून 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय मिळतो. पूरपट्ट्यात तो दिला की पुरात अडकणारी कुटुंबंच वाढणार.

ओळंबा: हे मात्र खरं. पण मग मानांकनाची अट कशाला बदलायची? मानांकन देशभराचं आहे, एफएसआय सरकार देतं. लाल रेषेच्या आत जादा एफएसआय नाही, एवढी एक ओळ नियमावलीत घाला. तशी हरकत सरकारकडे पाठवणार असाल तर तिच्यावर मी सही करतो.