आईच्या पिशवीत पाणी दिसतंय सोनोग्राफीत, कशामुळे होतं?

लेक_लालबागची:
आई ६४ची, पाळी जाऊन १३ वर्षं झाली. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली तर रिपोर्टात गर्भपिशवीच्या पोकळीत थोडं फ्लुइड आहे असं आलंय. अंगावरून काही जात नाही म्हणते, पण तिला विचारलं की आधी बाबा बाहेरच्या खोलीत आहेत ना ते बघते आणि मग हळूच "काही नाही गं". शेजारच्या काकू म्हणाल्या पिशवी काढूनच टाका, तेव्हापासून नीट जेवली पण नाहीये. कोणाच्या घरात झालंय का असं?

शिवडीची_सिस्टर:
ताई घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. मी गायनॅक वॉर्डात २२ वर्षं आहे. आधी रिपोर्ट नीट वाचा, पाणी पिशवीच्या आत लिहिलंय की पीओडीत, पीओडी म्हणजे पिशवीच्या मागची जागा, ते वेगळं प्रकरण. आत असेल तर या वयात बऱ्याचदा पिशवीचं तोंडच आवळलेलं असतं, पाळी गेल्यावर हार्मोन कमी होतात, तोंड अरुंद होतं आणि आतला स्राव बाहेर यायला वाट राहत नाही म्हणून साठतो. कधी कोंब म्हणजे पॉलिप असतो, कधी इन्फेक्शन होऊन पू होतो, मग ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वास. कधीकधी कॅन्सरही निघतो म्हणून तर बघायचं. खालून सोनोग्राफी करून घ्या, त्यात पाणी सोडून नुसत्या अस्तराची जाडी मोजतात. अस्तर पातळ, एकसारखं आणि रक्त अजिबात गेलेलं नसेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. पण एक डाग जरी पडला असेल तरी अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. आणि तपासाआधी पिशवी काढायची भाषा कोणी करू नये, मला फार राग येतो याचा.

दादर_वेस्ट:
माझं वय ३३, मला पण होतं पाणी. आयव्हीएफच्या वेळी दिसलं, एका ट्यूबमध्ये म्हणजे गर्भनलिकेत पाणी भरलं होतं तेच पिशवीत उतरत होतं, आणि तपासात निघाला टीबी. खोकला नाही काही नाही! ६ महिने गोळ्या घेतल्या, मग ती ट्यूब काढली. सिझेरियनच्या टाक्याजवळ खाच राहिली तर तिथेही साठतं म्हणे डॉक्टर. तुमच्या आईचं वय वेगळं आहे, पण कारण शोधल्याशिवाय थांबू नका एवढंच.

लेक_लालबागची:
रात्री बाबा झोपल्यावर किचनमध्ये भांडी लावता लावता परत विचारलं. गणपतीच्या आधी दोनदा परकराला तपकिरी डाग दिसला होता म्हणाली, "उष्णतेचं असेल म्हणून धुऊन टाकला गं". सिस्टर, सोमवारी केईएमच्या ओपीडीला नेतेय, सकाळी लवकरच निघू. डॉक्टरांना डागाचं मीच सांगते, ती नाही सांगणार.

शिवडीची_सिस्टर:
हो, आधी तेच सांगा. जुने रिपोर्ट, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं सोबत घ्या. तुकडा घेताना पाळीसारखं दुखतं थोडा वेळ, आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाहीत.