क्रॅगसाइड: पहिल्या दिव्यांचं घर की तोफांच्या पैशांचं?

धागाकर्ता:
गेल्या रविवारी पोराला घेऊन क्रॅगसाइडला जाऊन आलो. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या उत्तरेला, रॉथबरीजवळ. विल्यम आर्मस्ट्राँग नावाच्या इंजिनिअर कारखानदाराचा बंगला, म्हणजे बंगला कसला, खडकाळ डोंगराच्या कुशीत रचलेलं गावच ते. नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने १८६९ पासून खोल्यांना खोल्या जोडत नेल्या. १९७७ ला नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी तिथली संस्था) आला, आता म्युझियमच आहे. पाण्याच्या विजेवर दिवे लागलेलं जगातलं पहिलं घर, अशी त्याची ख्याती. येताना गाडीत पोरगा विचारतो, बाबा, याच्याकडे एवढे पैसे आले कुठून? आता काय सांगणार, तोफांतून! १८६० ला चीनमध्ये ताकूच्या किल्ल्यांवर आर्मस्ट्राँग तोफा चालल्या, अमेरिकेच्या यादवीत दोन्ही बाजूंना विकल्या गेल्या. माझं म्हणणं एवढंच की दारातच तोफ ठेवा, दिवे नंतर दाखवा.

वायरमन:
तीव्र असहमत. तोफांच्या आधी हा माणूस पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन बनवत होता, न्यूकॅसलमधला त्याचा एल्सविकचा कारखाना १८४७ चा, तोफ आली नंतर, रशियाशी झालेल्या क्रिमियन युद्धाच्या वेळी. आणि लायब्ररीतले दिवे नीट बघितलेत का? १८८० ला जोसेफ स्वान या संशोधकाचे बल्ब लावले तिथे. तांब्यावर मिनाकाम केलेल्या फुलदाण्या, त्यावर बल्ब, आणि फुलदाणीचा तळ पाऱ्यात टेकलेला, करंट तांब्यातून जायचा. फुलदाणी उचलली की दिवा बंद, परत ठेवली की चालू. स्विचच नाही!! आजचा सेफ्टी ऑफिसर बघूनच आडवा होईल. स्वयंपाकघरात मांस भाजायची सळईसुद्धा पाण्यावर फिरायची. हे सोडून दारात तोफ ठेवायची म्हणजे पोरांना इंजिनिअरिंगची लाज वाटायला लावायचं झालं.

खवचट:
वायरमन साहेब, लाज नाही हो, हिशेब. तोफेचं पेटंट सरकारला फुकट दिलं हे पुढचे सांगायला येतीलच, म्हणून मीच सांगतो, १८५९ ला दिलं, त्याच साली 'सर' झाला आणि तोफा बनवायचं सरकारी काम त्याच्याच एल्सविकला मिळालं. ते काम १८६३ ला थांबल्यावर गिऱ्हाईक बाहेर शोधलं. क्रॅगसाइडला पाहुणे कोण यायचे बघा: इराणचा शाह, सयामचा राजा, चीनचे बडे मुत्सद्दी ली हुंगचांग. हे काय बागेतली रोडोडेंड्रॉनची फुलं बघायला आले होते होय? ते दिवे, ती लिफ्ट, हे सगळं शोरूमच होतं. तेव्हा दिवे आणि तोफ वेगळे काढताच येत नाहीत, दारात ठेवा नाहीतर माळ्यावर.

वायरमन:
पाहुण्यांचं मान्य. पण त्याच १८६३ ला याच माणसाने न्यूकॅसलच्या भाषणात सांगितलंय की इंग्लंडचा कोळसा संपणार, पाणी आणि सूर्याकडे बघा. हे कुणाला विकायला सांगितलं? आणि त्याचं स्वतःचं म्हणणं होतं की साधनं देणं आमचं काम, ती वापरण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची.

खवचट:
छान. सुपारी घेणाराही हेच म्हणतो.

उगाच_आले:
तुमचं चालू द्या, पण कामगार कुणालाच आठवत नाहीत. १८७१ ला न्यूकॅसलच्या इंजिनिअरिंग कामगारांनी दिवसाला नऊ तास कामासाठी संप केला, जवळपास पाच महिने, आणि मालकांच्या बाजूने पुढे हेच आर्मस्ट्राँग. शेवटी कामगार जिंकले. म्हणजे शॉ इकडे घर वाढवतोय तेव्हा तिकडे माणसं एका तासासाठी भांडत होती. मला तोफेपेक्षा हे दारात लिहिलेलं आवडेल. आणि जाता जाता, १८६८ ला इंग्रजांनी अबिसिनियावर (आजचा इथिओपिया) फौज मुंबईहून पाठवली, तिथे हत्तींच्या पाठीवर आर्मस्ट्राँग तोफा होत्या. आपला संबंध काय म्हणणाऱ्यांसाठी.

धागाकर्ता:
संपाचं माहीत नव्हतं, मुद्दा घेतला. सुपारीची उपमा जरा जास्त झाली, वायरमन रागावले वाटतं.

वायरमन:
रागावलो नाही, जेवत होतो. २०१४ ला तिथे आर्किमिडीज स्क्रू बसवलाय, म्हणजे पाण्याने फिरणारा मोठा मळसूत्री दांडा, १७ मीटर लांब, तळ्याच्या पाण्यावर परत घरासाठी वीज करतात. पोराला तो दाखवलात का?

धागाकर्ता:
दाखवला. अर्धा तास तिथून हलला नाही, शेवटी आईसक्रीमचं आमिष दाखवून ओढून आणला. तरी माझी तोफ दारातच.