प्रतिसाद : हडपसरच्या अनुदानित शाळेसाठी निधी

संगणक कक्ष आणि व्यवसाय शिक्षण दोन्हीसाठी एकाच अर्जात पैसे मिळतात का, असं वर विचारलंय. नाही मिळत.

समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून आयसीटी लॅबला (म्हणजे संगणक कक्षाला) एकदाच ६.४० लाख आणि पुढची ५ वर्षं दरवर्षी कमाल २.४० लाख अशी तरतूद आहे. हा पैसा राज्याच्या वार्षिक आराखड्यातून येतो आणि त्यात शाळेचं नाव यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरून येतं. तिथे बंद पडलेले संगणक 'चालू' दाखवले, की तुमची गरजच दिसत नाही. नोंद भरणाऱ्या लिपिकासोबत मुख्याध्यापकांनी स्वतः बसावं. नववी ते बारावीचं व्यवसाय शिक्षणही याच वाटेने येतं, पण वेगळ्या घटकाखाली.

अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायची प्रयोगशाळा) ही नीती आयोगाची वेगळी योजना. तिचं अनुदान २० लाखांचं : १० उभारणीला, १० पाच वर्षांच्या चालवणुकीला. सहावी ते बारावीचे वर्ग आणि साधारण १५०० चौरस फूट जागा लागते. नवे अर्ज सुरू आहेत का, ते आधी बघा.

खरी अडचण पैसे आल्यावर होते. शाळा एका नावाने, संस्था दुसऱ्या, बँक खातं तिसऱ्याच, मग पीएफएमएसवर (सरकारी निधी खात्यात पाठवणारी ऑनलाइन प्रणाली) नोंदणी अडकते. चालवणुकीच्या पैशातून थ्रीडी प्रिंटर घेतला, तर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) परत येतं आणि पुढचा हप्ता थांबतो. उभारणी आणि चालवणूक या दोन्ही शीर्षांची कीर्दच (रोजच्या जमाखर्चाची वही) वेगळी ठेवा.

शिक्षकांच्या तयारीसाठी पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जरूर बघा, तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांसाठीच आहे.